पुसलेल्या बॅकअपची जागा परत केव्हा मिळते?

डीडुप्लिकेशन, म्हणजे सारखा डेटा एकदाच साठवण्याची सोय, असलेल्या साठ्यावर काम करणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी हा प्रश्न पडतोच: जुने बॅकअप पुसले, यादीतून ते गेलेही, तरी डिस्क अजून तितकीच भरलेली का दिसते? लहान-मध्यम कंपन्यांचे सर्व्हर आणि बॅकअप सांभाळण्याच्या माझ्या कामात हा प्रश्न मला इतक्या वेळा विचारला गेला आहे की त्याचे उत्तर एकदा सविस्तर लिहून ठेवणे मला आवश्यक वाटले. अशा साठ्यावर पुसणे आणि जागा मोकळी होणे या दोन वेगळ्या घटना आहेत. त्यांच्यामध्ये काही तासांपासून काही आठवड्यांपर्यंतचे अंतर असू शकते, आणि ते अंतर बहुतेक ठिकाणी डेटा सुरक्षित राहावा म्हणून मुद्दाम ठेवलेले असते. ते साठा विकत घेण्याच्या दिवसापासूनच हिशेबात धरावे लागते. डिस्क भरल्यावर त्याची ओळख झाली तर फार उशीर झालेला असतो.

साध्या फाइल सिस्टिमवर फाइल आणि तिचे ब्लॉक, म्हणजे डिस्कवरचे तुकडे, यांचे नाते सरळ असते. ब्लॉक एकाच फाइलचा असतो, आणि फाइल पुसली की तो रिकाम्या ब्लॉकांच्या यादीत जातो. डीडुप्लिकेशनमध्ये हे सरळ नाते उरत नाही. येणाऱ्या डेटाचे तुकडे, म्हणजे चंक, पाडले जातात, प्रत्येक चंकचा हॅश, म्हणजे त्याच्या मजकुरावरून ठरणारा ओळख-आकडा, काढला जातो, आणि तोच हॅश आधी नोंदलेला असेल तर चंक पुन्हा लिहिला न जाता त्याच्याकडे बोट दाखवणारी फक्त एक नोंद केली जाते. प्रॉक्समॉक्स बॅकअप सर्व्हर हे बॅकअपचे सॉफ्टवेअर. तो व्हर्च्युअल मशीनच्या डिस्कचे ४ एमबीचे ठरावीक चंक पाडतो. फाइलींच्या बॅकअपसाठी मात्र तो मजकूर पाहून कमी-जास्त लांबीचे चंक पाडतो, म्हणजे फाइलच्या सुरुवातीला चार अक्षरे वाढली म्हणून पुढचे सगळे चंक बदलत नाहीत. मजकूर पाहून तोडण्याची ही रीत २००१ मध्ये एलबीएफएस या नेटवर्क फाइल सिस्टिमच्या शोधनिबंधात मांडली गेली आणि आज रेस्टिक, बोर्ग यांसारखी बॅकअपची मुक्त साधने तिच्याच वेगवेगळ्या रूपांवर चालतात.

एक चंक अशा रीतीने अनेकांचा झाला की त्याला पुसण्याचा अधिकार कोणा एकाकडे राहत नाही. सातबारा उताऱ्यावर दहा सहहिस्सेदारांची नावे असतील आणि त्यांतल्या एकाने हक्कसोडपत्र करून दिले, तर जमीन मोकळी होत नाही. उताऱ्यावरचे एक नाव कमी होते, इतकेच. बॅकअपचा एक स्नॅपशॉट, म्हणजे एका वेळी घेतलेली प्रत, पुसला की नेमके हेच घडते. ज्या चंकांवर फक्त त्याच स्नॅपशॉटचे नाव होते तेवढेच निराधार होतात, आणि रोज बॅकअप घेतल्या जाणाऱ्या सर्व्हरवर असे चंक सहसा फार थोडे असतात. बेल लॅब्जमध्ये २००२ मध्ये शॉन क्विनलन आणि शॉन डोरवर्ड यांनी मांडलेल्या व्हेंटी या साठ्याने तर हा प्रश्न मुळातच येऊ दिला नव्हता: एकदा लिहिलेला ब्लॉक कधीही पुसायचा नाही, हा त्याचा नियमच होता. कायमच्या संग्रहासाठी तो नियम योग्य होता. पण ज्या कार्यालयात रोज रात्री बॅकअप चालतो आणि जुने बॅकअप ठरलेल्या मुदतीनंतर काढून टाकायचे असतात, तिथे पुसण्याची सोय लागतेच, आणि तिच्याबरोबर सगळी गुंतागुंत येते.

निराधार चंक ओळखण्याच्या मुख्य पद्धती दोन आहेत, आणि दोन्ही संगणकाच्या मेमरीसाठी १९६० मध्येच मांडल्या गेल्या होत्या: जॉन मॅकार्थी यांनी खूण करून झाडण्याची आणि जॉर्ज कॉलिन्स यांनी संदर्भ मोजण्याची. संदर्भ मोजण्याच्या पद्धतीत प्रत्येक ब्लॉकपुढे एक आकडा असतो. तो ब्लॉक वापरणारा वाढला की आकडा एकने वाढतो, कमी झाला की एकने घटतो, आणि शून्यावर आला की ब्लॉक मोकळा होतो. झेडएफएस या फाइल सिस्टिमचे डीडुप्लिकेशन असे चालते. कागदावर ही पद्धत आदर्श वाटते, कारण तिच्यात जागा लगेच परत मिळायला हवी. प्रत्यक्षात तिची किंमत पुसतानाच मोजावी लागते. हे आकडे झेडएफएस ज्या डीडुप तक्त्यात ठेवते, त्यातली एक नोंद मेमरीत सुमारे ३२० बाइट घेते, असे मानले जाते. १२८ केबीच्या ब्लॉकांनी भरलेल्या १ टीबी डेटाचे सुमारे ८४ लाख ब्लॉक होतात आणि त्यांच्या नोंदींना अडीच जीबी मेमरी लागते. त्याच १ टीबीवर ८ केबीचे ब्लॉक असतील, तर नोंदी १३ कोटींच्या वर जातात आणि मेमरीची गरज ४० जीबी होते.

हा तक्ता मेमरीत मावला नाही की पुसण्याचे काय होते, ते आकड्यांनीच पाहू. हॅश हे स्वभावतः विखुरलेले असतात. त्यामुळे शेजारशेजारच्या ब्लॉकांच्या नोंदीही तक्त्यात लांबलांब पडतात, आणि प्रत्येक ब्लॉक सोडताना डिस्कच्या वेगळ्या भागात जाऊन नोंद वाचावी लागते. फिरती हार्ड डिस्क असे विखुरलेले वाचन सेकंदाला साधारण शंभर वेळा करू शकते. १२८ केबीच्या ब्लॉकांचा १ टीबी सोडायला ८४ लाख वाचने धरली, तर नुसत्या वाचनालाच २३ तासांहून अधिक वेळ लागेल. आकडा घटवून परत लिहिण्याचा वेळ वेगळाच. पुसण्याची आज्ञा दिली आणि सर्व्हर तासन्‌तास गुदमरला, या तक्रारींचे मूळ बहुतेक वेळा इथे असते. झेडएफएसच्या पूलचा, म्हणजे डिस्कांच्या गटाचा, ‘फ्रीइंग’ हा गुणधर्म अशा वेळी अवश्य पाहावा. अजून किती डेटा सोडायचा बाकी आहे, ते तिथे दिसते आणि आकडा उतरत असेल तर काम चालू आहे याची खात्री पटते. जानेवारी २०२५ मध्ये आलेल्या ओपनझेडएफएस २.३ मध्ये या तक्त्याची रचना बरीच सुधारली गेली, त्याच्या आकाराला मर्यादा घालता येऊ लागली आणि ज्यांचा दुसरा जोडीदार कधी सापडलाच नाही अशा जुन्या नोंदी छाटण्याची आज्ञाही मिळाली. तरीही, ज्या साठ्यावरून मोठ्या प्रमाणात नियमित पुसले जाणार आहे, तिथे झेडएफएसचे डीडुप्लिकेशन चालू करण्याआधी हे गणित मांडावेच, असे माझे ठाम मत आहे.

दुसरी पद्धत, म्हणजे खूण करून झाडणे, बॅकअपच्या साधनांत अधिक रूढ आहे. तिच्यात आकडे सांभाळायचे नसतात. ठरलेल्या वेळी सर्व जिवंत बॅकअपच्या याद्या वाचायच्या, त्यांत उल्लेख असलेल्या प्रत्येक चंकवर खूण करायची, आणि मग साठ्यातून फिरून खूण नसलेले चंक काढून टाकायचे. वीज गेली, काम अर्धवट राहिले, तरी पुढच्या वेळी सगळे नव्याने मोजले जाते. त्यामुळे एखादा आकडा चुकला आणि चंक कायमचा अडकून बसला, असे घडत नाही. या पद्धतीत एक जागा मात्र अतिशय नाजूक आहे, आणि तिथे मी थोडा थांबणार आहे, कारण पुसल्यावर जागा लगेच का मिळत नाही याचे खरे उत्तर तिथे आहे.

समजा, झाडण्याचे काम चालू आहे आणि एक चंक निराधार ठरला आहे. त्याच क्षणी दुसऱ्या मशीनचा बॅकअप सुरू होतो. त्याला तोच चंक साठवायचा आहे. तो हॅश दाखवून विचारतो की हा चंक आहे का, साठा सांगतो की आहे, म्हणून डेटा पाठवला जात नाही आणि फक्त नोंद होते. पुढच्या सेकंदाला झाडणारा येऊन तो चंक पुसतो. आता नवा बॅकअप यादीत पूर्ण दिसतो, पण त्यातला एक तुकडा जगात कुठेच नाही, आणि हे समजते ते थेट रिस्टोअर करायची वेळ आल्यावर. हा धोका टाळण्यासाठी रेस्टिक सरळ कुलूप लावते: प्रून, म्हणजे निराधार चंक काढण्याचे काम, चालू असताना त्या साठ्यावर बॅकअप घेता येत नाही. प्रॉक्समॉक्स बॅकअप सर्व्हरने निराळा मार्ग काढला आहे. त्याच्याकडे प्रत्येक चंक ही स्वतंत्र फाइल असते. तिचे नाव म्हणजे त्या चंकचा हॅश, आणि अशा फाइली ६५,५३६ उपफोल्डरांत विभागून ठेवलेल्या असतात. गार्बेज कलेक्शन, म्हणजे खूण करून झाडण्याचे काम, याच्या पहिल्या टप्प्यात तो सर्व स्नॅपशॉटच्या याद्या वाचून त्यांतल्या प्रत्येक चंकच्या फाइलची शेवटच्या वापराची वेळ ताजी करतो. नवा बॅकअप जुना चंक पुन्हा वापरतो तेव्हाही ही वेळ ताजी होते. दुसऱ्या टप्प्यात फक्त तेच चंक पुसले जातात ज्यांची ही वेळ २४ तास ५ मिनिटांपेक्षा जुनी आहे. एखादा बॅकअप त्याहून आधीपासून चालू असेल तर त्या बॅकअपच्या सुरुवातीची वेळ ही सीमा धरली जाते.

हा २४ तासांचा आकडा लिनक्समधून आला आहे. फाइल वाचली की प्रत्येक वेळी वापराची वेळ लिहीत बसू नये म्हणून लिनक्सच्या फाइल सिस्टिम ‘रेलाटाइम’ हा पर्याय वापरतात, आणि त्यात ही वेळ साधारणपणे दिवसातून एकदाच लिहिली जाते. म्हणून एक पूर्ण दिवस आणि वर पाच मिनिटांची खबरदारी. आज सकाळी बॅकअप पुसून लगेच गार्बेज कलेक्शन चालवले, तर काल रात्रीच्या बॅकअपने किंवा कालच्या गार्बेज कलेक्शनने स्पर्श केलेले चंक या सीमेच्या आत येतात आणि जागचे हलत नाहीत. नोंदवहीत ते ‘पेंडिंग रिमूव्हल्स’ या ओळीत दिसतात, आणि ‘रिमूव्ह्ड गार्बेज’ या ओळीत जेमतेम काही एमबी. ही दुसरी ओळ पाहून लोक निराश होतात. पाहायची असते ती पहिली, कारण मोकळी होणार असलेली जागा तिथे आधीच मोजून ठेवलेली असते. सीमा उलटल्यावर पुन्हा गार्बेज कलेक्शन चालवले की तीच जागा हातात येते. साठा नेटवर्कवरच्या एखाद्या शेअरवर ठेवला असेल आणि त्या शेअरला वापराची वेळ नीट लिहिता येत नसेल, तर या सगळ्या व्यवस्थेचा पायाच ढासळतो. जिवंत चंकही जुने दिसू लागतात. म्हणून अशी मांडणी करण्याआधी ही वेळ खरोखर लिहिली जाते का, हे तपासल्याशिवाय पुढे जाऊच नये.

वेळेचा प्रश्न इथेही आहे. १० टीबी वेगळा डेटा ४ एमबीच्या चंकांत मांडला तर २६ लाखांहून अधिक फाइली होतात, आणि पहिल्या टप्प्यात त्यांतल्या प्रत्येक जिवंत फाइलला स्पर्श करावा लागतो. फिरत्या डिस्कवर हे काम रात्रभर चालते. एसएसडीवर, किंवा झेडएफएसमध्ये मेटाडेटासाठी, म्हणजे फाइलींविषयीच्या नोंदींसाठी, वेगळी एसएसडी जोडली तर, ते कितीतरी लवकर आटोपते. साठ्यासाठी खर्च करायला थोडेच पैसे असतील तर ते मी इथे खर्च करण्याचा सल्ला देतो.

ज्या साधनांत अनेक चंक एका मोठ्या फाइलीत एकत्र बांधले जातात, तिथे आणखी एक पायरी वाढते. डेटा डोमेन ही २००१ मध्ये स्थापन झालेली आणि २००९ मध्ये ईएमसीने विकत घेतलेली कंपनी. आज तिची यंत्रे डेलच्या नावाने विकली जातात. त्यांच्यात सरासरी ८ केबीचे तुकडे सुमारे साडेचार एमबीच्या कंटेनरमध्ये भरलेले असतात. एखाद्या कंटेनरमधले अर्धे तुकडे निराधार झाले तरी तो कंटेनर तसाच पुसता येत नाही. त्यातले जिवंत तुकडे आधी उचलून नव्या कंटेनरमध्ये लिहावे लागतात आणि मगच जुना सोडता येतो. या यंत्रांवर स्वच्छतेचे काम मुळात आठवड्यातून एकदा, मंगळवारी सकाळी ६ वाजता, ठेवलेले असते, आणि ते यंत्राची सगळी ताकद न वापरता मर्यादित वेगाने चालते. ते रोज चालवावे असा आग्रह काही जण धरतात, पण त्यात तोटा आहे. जिवंत तुकडे वारंवार हलवले गेले की एकाच बॅकअपचे तुकडे दूरदूर विखुरतात आणि रिस्टोअर मंदावतो. बोर्ग आणि रेस्टिक यांनीही, फार डेटा पुन्हा लिहावा लागू नये म्हणून, थोडा कचरा जाणूनबुजून राहू दिला आहे. रेस्टिकचे प्रून मुळात ५ टक्क्यांपर्यंत न वापरलेली जागा तशीच सोडते, आणि बोर्गचे कॉम्पॅक्ट ज्या सेगमेंटमधून, म्हणजे चंक बांधलेल्या फाइलीतून, १० टक्क्यांहून कमी जागा वाचेल त्याला हात लावत नाही. शेवटचा थेंबही पिळून काढण्याच्या हट्टाने हे आकडे शून्यावर आणले, तर चार जीबी वाचवण्यासाठी चारशे जीबी डेटा पुन्हा लिहिला जाण्याची वेळ येऊ शकते.

बोर्ग वापरणाऱ्यांसाठी एक सूचना वेगळी द्यावीशी वाटते. २०२२ मध्ये आलेल्या १.२ या आवृत्तीपासून प्रून किंवा डिलीट या आज्ञा स्वतःहून जागा मोकळी करत नाहीत. त्यानंतर कॉम्पॅक्ट ही आज्ञा वेगळी द्यावी लागते. जुन्या आवृत्तीच्या काळात लिहिलेल्या स्क्रिप्ट तशाच चालू राहिल्या, की त्या कोणतीही त्रुटी न दाखवता रोज यशस्वी होतात आणि डिस्क मात्र भरत जाते. विंडोज सर्व्हरवरही असेच दोन टप्पे आहेत. २०१२ च्या आवृत्तीपासून असलेल्या त्याच्या डीडुप्लिकेशनमध्ये फाइली दाबून बसवण्याचे काम दर तासाला होते, पण गार्बेज कलेक्शन मुळात आठवड्यातून एकदाच, शनिवारी पहाटे २ वाजून ३५ मिनिटांनी चालते. ज्या कार्यालयात शुक्रवारी संध्याकाळी सर्व्हर बंद करून जाण्याची पद्धत आहे, तिथे ते महिनोन्‌महिने चालतच नाही. अशा ठिकाणी ते काम कार्यालयीन दिवसाच्या मध्यरात्रीवर सरकवणे, हा सोपा आणि खात्रीचा उपाय आहे.

आता, काय पुसावे? अनुभवी माणसेही इथे सर्वांत जुने बॅकअप आधी काढतात, कारण जुने म्हणजे निरुपयोगी, अशी सवय मनात बसलेली असते. पण मिळणारी जागा वयावर नाही, वेगळेपणावर ठरते. झेडएफएसच्या स्नॅपशॉटपुढे दिसणारा ‘यूज्ड’ हा आकडा फक्त त्या एका स्नॅपशॉटच्या मालकीची जागा सांगतो. दोन स्नॅपशॉटमध्ये सामाईक असलेली जागा त्या दोघांपैकी कोणाच्याच आकड्यात येत नाही. त्यामुळे तीस स्नॅपशॉट प्रत्येकी काही एमबीचे दिसतात आणि सगळे मिळून पुसल्यावर शेकडो जीबी मोकळे होतात, असे सहज घडू शकते. प्रत्यक्ष न पुसता नुसती तालीम करण्याचा पर्याय झेडएफएसमध्ये आहे. तो स्नॅपशॉटच्या एका सलग रांगेवर वापरला की ही बेरीज आधीच कळते. विंडोजमध्येही एखाद्या फोल्डरच्या फाइली पुसल्यास खरोखर किती जागा सुटेल हे मोजणारी आज्ञा आहे. पुसण्याआधी ही दोन मिनिटे द्यावीत.

ज्या डेटावर डीडुप्लिकेशन चालतच नाही, तो पुसल्यावर जागा भरभरून मिळते. डेटाबेसचा डम्प काढून तो जीझिपने दाबून ठेवला, की सुरुवातीला एक नोंद बदलली तरी त्यानंतरचे जवळजवळ सगळे बाइट बदलतात आणि रोजचा डम्प साठ्यात पूर्णपणे नवा म्हणून बसतो. साठ्याकडे पाठवण्यापूर्वीच कूटबद्ध केलेल्या फाइलींचेही तसेच होते. अशा डम्पची मुदत तीन महिन्यांवरून तीन आठवड्यांवर आणली तर जेवढी जागा मिळते, तेवढी वर्षभराचे व्हर्च्युअल मशीनचे बॅकअप पुसूनही मिळणार नाही. आणि डम्प न दाबता ठेवले, दाबण्याचे काम साठ्यावरच सोपवले, तर मुदत कमी करण्याचीही गरज उरत नाही.

याच्या उलट बाजूला दीर्घ मुदतीचे बॅकअप येतात. आपल्याकडच्या कंपनी कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे लेखापुस्तके किमान ८ आर्थिक वर्षे जपावी लागतात, म्हणून अनेक कार्यालये मार्चअखेरचा संपूर्ण सर्व्हरचा बॅकअप ८ वर्षांच्या मुदतीने ठेवून देतात. त्या सर्व्हरवर टॅलीच्या डेटाचे फोल्डर २ जीबीचे असते आणि बाकीचे ५०० जीबी म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम, तिचे अपडेट, तात्पुरत्या फाइली आणि कोणीतरी ठेवलेले व्हिडिओ. पुढे ते सगळे सर्व्हरवरून काढले गेले तरी मार्चचा तो एक स्नॅपशॉट त्यांतल्या प्रत्येक चंकला ८ वर्षे धरून ठेवतो. कायद्याला जे हवे आहे ते २ जीबीच आहे. म्हणून लेखापुस्तकांचा बॅकअप वेगळा घ्यावा, त्याला ८ वर्षांची मुदत द्यावी, आणि संपूर्ण सर्व्हरच्या बॅकअपला काही महिन्यांचीच मुदत ठेवावी. जागा परत मिळवण्याचे जे उपाय मला माहीत आहेत, त्यांत दीर्घकाळ टिकणारा लाभ याच एका बदलाने सर्वाधिक दिला आहे, आणि त्याला एक रुपयाही खर्च येत नाही.

साठा अनेक थरांचा असेल तर प्रत्येक थराला वेगळे सांगावे लागते. व्हर्च्युअल मशीनच्या आत फाइल पुसली की ती फक्त आतल्या फाइल सिस्टिमपुरती गेलेली असते. खालच्या थराला ते ब्लॉक अजून भरलेलेच दिसतात, बॅकअप त्यांना इमानाने वाचतो आणि त्यांचे चंक जिवंत राहतात. आतून ट्रिमची, म्हणजे ‘हे ब्लॉक आता रिकामे आहेत’ असे कळवणारी, आज्ञा गेली आणि खालच्या थराने ती स्वीकारली तरच ते ब्लॉक खऱ्या अर्थाने रिकामे होतात. बहुतेक लिनक्समध्ये ट्रिमचे साप्ताहिक वेळापत्रक तयार असते, पण प्रॉक्समॉक्समध्ये त्या मशीनच्या डिस्कवर ‘डिस्कार्ड’ हा पर्याय चालू केलेला नसेल तर ती आज्ञा खाली पोहोचतच नाही. रेड हॅटने २०१७ मध्ये पर्माबिटकडून घेतलेल्या आणि २०२४ मध्ये लिनक्सच्या ६.९ या आवृत्तीत सामील झालेल्या व्हीडीओ या डीडुप थरासाठी तर ट्रिम हा जागा परत मिळवण्याचा मुख्य मार्गच आहे. एका थराची स्वच्छता दुसऱ्या थरावर भार टाकते, हेही इथे सांगायला हवे. विंडोजच्या आत गार्बेज कलेक्शन चालले की त्याच्या चंकांच्या मोठ्या फाइली नव्याने लिहिल्या जातात, बॅकअपला ते सगळे बदललेले ब्लॉक दिसतात, आणि त्या रात्रीचा बॅकअप नेहमीपेक्षा कितीतरी मोठा होतो. म्हणजे वर जागा सुटते आणि खाली भरते. बॅकअपच्या साठ्यात अगदी थोडी जागा उरलेली असताना आतल्या सर्व्हरची स्वच्छता करू नये, ती याच कारणासाठी.

डिस्क खरोखरच काठोकाठ भरली तर परिस्थिती अवघड होते, कारण जागा मोकळी करायलाही थोडी जागा लागते. बोर्गला पुसण्याचा व्यवहार आधी लिहून ठेवावा लागतो, रेस्टिकला जिवंत चंक नव्या फाइलीत बांधावे लागतात, आणि कॉपी-ऑन-राइट पद्धतीच्या, म्हणजे जुन्या ब्लॉकवर न लिहिता बदल नव्या ब्लॉकात लिहिणाऱ्या, फाइल सिस्टिमला साधी वापराची वेळ बदलायलाही नवा ब्लॉक हवा असतो. बोर्गच्या रिपॉझिटरीत अशा वेळेसाठी काही जागा राखून ठेवण्याची सेटिंग आहे आणि ती पहिल्याच दिवशी भरावी. झेडएफएसवर काही जीबींचे आरक्षण असलेला एक रिकामा डेटासेट करून ठेवावा आणि अडचण आली की ते आरक्षण काढून टाकावे. रेस्टिकमध्ये पुन्हा बांधणी न करता केवळ संपूर्ण निराधार झालेल्या फाइलीच काढण्याचा मार्ग आहे, आणि जागा अगदी संपलेली असताना तोच आधी अवलंबावा.

चंकांच्या फोल्डरमध्ये हाताने काहीही पुसू नये, हे मी अतिशय आग्रहाने सांगतो. एका कार्यालयात डिस्क भरली तेव्हा तिथल्या कंत्राटदाराने वर्षाहून जुन्या तारखेच्या चंकांच्या फाइली शोधून पुसून टाकल्या होत्या. जागा लगेच मिळाली आणि रात्रीचे बॅकअपही व्यवस्थित चालल्यासारखे दिसले. पण साठ्यातला जितका जुना चंक, तितकी तो सर्वांत जास्त बॅकअपमध्ये सामाईक असण्याची शक्यता मोठी असते, कारण ऑपरेटिंग सिस्टिमचे मूळ ब्लॉक पहिल्याच दिवशी लिहिले जातात आणि नंतरचा प्रत्येक बॅकअप त्यांच्यावरच उभा असतो. व्हेरिफिकेशन, म्हणजे साठवलेले चंक तपासण्याचे काम, चालवल्यावर जुने-नवे जवळजवळ सगळेच स्नॅपशॉट अपुरे निघाले. मूळ सर्व्हर धडधाकट होते म्हणून निभावले: व्हेरिफिकेशनमध्ये नापास झालेल्या स्नॅपशॉटवर प्रॉक्समॉक्स बॅकअप सर्व्हर पुढच्या बॅकअपसाठी विसंबत नाही. त्यामुळे गहाळ चंक मूळ डिस्कवरून पुन्हा पाठवले गेले आणि पुढचे बॅकअप पूर्ण झाले. सर्व्हरवरून दरम्यान पुसल्या गेलेल्या फाइली मात्र कुठूनच परत आल्या नाहीत.

बॅकअप भाड्याच्या क्लाउडवर असेल तर जागेचा हा हिशेब महिन्याच्या बिलात दिसतो. अॅमेझॉनच्या एस३ मध्ये बकेटवर, म्हणजे फाइली ठेवण्याच्या कप्प्यावर, व्हर्जनिंग चालू असेल, तर रेस्टिकने पुसलेली फाइल जुनी आवृत्ती म्हणून तशीच राहते आणि तिचे भाडे चालू राहते. जुन्या आवृत्त्या ठरावीक दिवसांनी काढण्याचा नियम वेगळा लावावा लागतो. स्वस्त दराच्या वर्गांना किमान मुदतही असते: स्टँडर्ड-आयएला ३० दिवस, ग्लेशियर फ्लेक्सिबल रिट्रीव्हलला ९० दिवस आणि डीप आर्काइव्हला १८० दिवस. त्याआधी पुसले तरी उरलेल्या दिवसांचे पैसे आकारले जातात. दर आठवड्याला प्रून करून चंक नव्या फाइलींत बांधत राहणारे साधन अशा वर्गावर ठेवले, तर प्रत्येक बांधणीत काही फाइली मुदतीआधी पुसल्या जातात आणि स्वस्त साठा महाग पडतो. तिथे प्रून विरळ करावे आणि न वापरलेल्या जागेची मर्यादा ५ टक्क्यांवरून वाढवून २० टक्क्यांच्या आसपास न्यावी.

नवीन डिस्क केव्हा मागवायची हे ठरवताना मी रोजचा भरलेला टक्का पाहत नाही, कारण त्यात अजून न झाडलेला कचराही मोजलेला असतो. दर आठवड्याच्या गार्बेज कलेक्शननंतर नोंदवहीत येणारा ‘ऑन-डिस्क यूसेज’ हा आकडा एका तक्त्यात उतरवून ठेवतो, आणि तो सलग काही आठवडे वाढत डिस्कच्या क्षमतेच्या ७५ टक्क्यांपलीकडे गेला की खरेदीचा प्रस्ताव पाठवतो. कोटेशन, मंजुरी आणि डिस्क प्रत्यक्ष हातात पडणे यांत सहा ते आठ आठवडे सहज जातात, आणि उरलेल्या २५ टक्क्यांत तेवढ्या काळाचे बॅकअप आणि गार्बेज कलेक्शनला लागणारी मोकळीक, दोन्ही बसवायची असते.